ठाण्याच्या बाजारपेठेत आधी बस, मग मोटार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात या सदरात मी असे मांडले होते की, ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडील जुन्या गावातले रस्ते, म्हणजे गोखले रस्ता, राममारुती रस्ता, तलावपाळीचा फेर आणि तिथून जांभळी नाक्यापर्यंतचा भाग, यांची मांडणी बदलून तिथे बस, पायी चालणारे आणि सायकलस्वार यांना खासगी मोटारींच्या आधी जागा द्यावी. त्यावर आलेली पत्रे बहुतांशी विरोधाची आहेत आणि ती पोटतिडकीने लिहिलेली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : गोखले रस्त्यावर आमचे कापडाचे दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचे. दारात गाडी लागली नाही, तर गिऱ्हाईक मॉलकडे वळेल. आमच्या पोटावर पाय देऊन सायकली चालवायच्या आहेत का? (एक दुकानदार, नौपाडा)

उत्तर : आपली भीती खोटी नाही. जिथे जिथे असा बदल झाला, तिथे पहिला विरोध बहुधा दुकानदारांचाच झाला आहे. कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता १९६२ मध्ये वाहनांना बंद करण्यात आला, तेव्हा तेथील व्यापारीही धंदा बसेल असेच म्हणत होते, आणि आज तो युरोपातील नावाजलेल्या पायी बाजारपेठांत गणला जातो. मात्र या दाखल्याने आपले समाधान व्हावे अशी माझी अपेक्षा नाही, कारण आपल्या दुकानाचे भाडे कोपनहेगन भरणार नाही. म्हणून आपल्या दारातल्या जागेचाच हिशेब मांडू.

एक मोटार उभी करायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते. सकाळी दहाला लावलेली गाडी रात्री आठला निघाली, तर दहा तासांत त्या जागेचा उपयोग एकाच माणसाला झाला, आणि तो माणूस आपला गिऱ्हाईक असण्याची शक्यता फार कमी, कारण लुगडे घ्यायला कोणी दहा तास थांबत नाही. तो गाडी लावून लोकलने मुंबईला गेलेला नोकरदार असतो, शेजारच्या इमारतीतला रहिवासी असतो किंवा, राग मानू नये, कित्येकदा स्वतः दुकानदार असतो. तीच जागा अर्ध्या तासाच्या मर्यादेने आणि शुल्क घेऊन दिली, तर दहा तासांत ती वीस गाड्यांना मिळू शकते. सम-विषम तारखांचे पार्किंग, ज्याला आपण सारे पी-वन पी-टू म्हणतो, ते गाडी कोणत्या बाजूला उभी राहील एवढेच ठरवते. ती किती वेळ उभी राहील याबद्दल त्या पाटीवर काही लिहिलेले नसते. लांब वेळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी गावदेवी मैदानाखालच्या वाहनतळात जावे आणि रस्त्याच्या कडेची जागा थोड्या वेळाच्या कामाला राहावी, इतका साधा फरक केला, तरी आपल्या दारात गाडी लागण्याची शक्यता आजच्यापेक्षा वाढेल. रस्त्यावरची जागा फुकट आणि मैदानाखालची विकत, अशी स्थिती असताना खाली कोण जाणार?

दुसरी गोष्ट अंदाजाची. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००६ साली एका बाजाररस्त्यावरील दुकानदारांना विचारण्यात आले की, आपले किती ग्राहक मोटारीने येतात. त्यांनी ४१ टक्के असा अंदाज सांगितला. प्रत्यक्ष ग्राहकांना विचारले, तेव्हा तो आकडा २२ टक्के निघाला. मोटारीने येणारा गिऱ्हाईक दिसतो, तो जागा नाही म्हणून तक्रारही करतो, आणि चालत आलेला गिऱ्हाईक काही न बोलता पिशवी घेऊन निघून जातो, म्हणून हा गैरसमज होत असावा. गोखले रस्त्यावरचा आकडा ब्रिस्टलसारखाच असेल असे मी म्हणत नाही. आपण आठवडाभर गल्ल्यावर एक वही ठेवून प्रत्येकाला ‘कसे आलात?’ एवढेच विचारावे, आणि ती वही माझ्याविरुद्ध वापरावी लागली, तर जरूर वापरावी.

दिवाळी पहाटेचा दाखला काही वाचकांनी दिला आहे. त्या सकाळी राममारुती रस्ता आणि तलावपाळी तरुण मुलामुलींनी इतकी फुलून जाते की वाहन घालण्याचा प्रश्नच उरत नाही. गुढीपाडव्याची शोभायात्रा निघते, तेव्हाही तेच होते. गाडीवाचून हे रस्ते ओस पडत नाहीत, एवढे त्यावरून दिसते. पण सणाची गर्दी म्हणजे रोजची उलाढाल नव्हे, म्हणून हा दाखला मी फार ताणणार नाही. फर्निचर, हार्डवेअर, पाण्याच्या टाक्या विकणाऱ्यांची अडचण वेगळी आणि खरी आहे. मालाच्या टेम्पोला ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा राखून ठेवल्याशिवाय त्यांनी कोणत्याही योजनेला होकार देऊ नये. दिल्लीच्या चांदनी चौकात लाल जैन मंदिर ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता २०२१ मध्ये नव्याने खुला झाला. तिथे सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी आहे आणि मालाची ने-आण त्या वेळेबाहेर करायची आहे. बंदी असूनही दुचाकी आत शिरतात अशा तक्रारी तिथून येत राहिल्या. फरशी उत्तम बसवली आणि राखण करणारा माणूस नेमला नाही, की असे होते.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा आहे. मला सायकल चालवता येत नाही आणि या वयात शिकायचीही नाही. हे सगळे तरुणांचे चोचले आहेत, असे आम्हा ज्येष्ठांना वाटले, तर चूक काय? (एक वाचक, चरई)

उत्तर : चूक माझी आहे, कारण मागील लेखात सायकलीविषयी मी प्रमाणाबाहेर लिहिले. मी स्वतः सायकलीवर फिरतो, त्यामुळे तसे झाले असावे. ठाण्याच्या जुन्या गावापुरते माझे स्पष्ट मत असे आहे की पहिला मान पदपथाचा, दुसरा बसचा आणि तिसरा सायकलीचा. मोटारीचा क्रम त्यानंतर लागतो.

चरईतून तलावपाळीपर्यंत चालत जाताना आपल्याला किती वेळा रस्त्यावर उतरावे लागते, हे मी सांगण्याची गरज नाही. पदपथ आहे, पण त्यावर दुचाकी लावलेल्या आहेत. दुचाकी नाहीत तिथे विजेच्या डीपीची पेटी आहे. पेटी संपली की गटाराचे झाकण वर आलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्यांना अभियंते आयआरसी १०३ या नावाने ओळखतात, निवासी भागात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, बाजारपेठेत २.५ मीटर आणि फार गर्दीच्या बाजारपेठेत ४ मीटर असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा, जास्त नसावी. आपल्याकडे पदपथ गुडघ्याएवढे उंच बांधले जातात. दुचाकी चढू नयेत म्हणून ते उंच करतात असे सांगितले जाते. दुचाकी तरीही चढतात, चढता येत नाही ते आपल्याला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आणि पदपथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत असे सांगितले. प्रभाग कार्यालयात अर्ज देताना त्याचा उल्लेख करावा. नुसत्या गैरसोयीच्या तक्रारीपेक्षा त्याला वजन येते.

प्रश्न : मी कासारवडवलीला राहतो. बसने स्थानकापर्यंत किती वेळ लागेल याचा भरवसा नाही, म्हणून कार काढतो. आधी चांगला पर्याय द्या, मग आमच्या गाड्या अडवा. उलटा क्रम कशासाठी? आणि मेट्रो आल्यावर काही बदलेल का? (एक नोकरदार)

उत्तर : आपल्या पत्रात न्याय आहे. घोडबंदर रस्त्यावर माजिवड्यापर्यंत पोहोचण्यातच ज्याचा जीव मेटाकुटीला येतो, त्याला सायकलीचे गुण सांगणे हा उद्धटपणा ठरेल. तरीही क्रमाबद्दल माझा मतभेद आहे. ठाणे परिवहनची बस बेभरवशाची होण्याचे एक मोठे कारण आपण सारे तिच्या पुढे उभे असतो हे आहे. सॅटिस पुलाने स्थानकाच्या दारात बस वर नेली आणि रिक्षा खाली ठेवल्या. तेवढ्या जागेपुरता गुंता सुटला, पण पुलावरून उतरलेली बस पुढे त्याच गर्दीत शिरते. पन्नास माणसे घेऊन निघालेली बस आणि एकट्या माणसाची मोटार एकाच रांगेत उभी राहणार असतील, तर बस चांगली व्हावी म्हणून कितीही नव्या गाड्या घेतल्या, तरी त्या त्याच रांगेची शेपटी लांबवतील.

अमेरिकेतील शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची ‘नॅक्टो’ नावाची संघटना आहे. तिच्या हिशेबानुसार तीन मीटर रुंदीच्या एका मार्गिकेतून खासगी मोटारींनी तासाला ६०० ते १,६०० माणसे जातात, आणि तीच मार्गिका बससाठी राखली, तर ४,००० ते ८,०००. आपल्याकडे दुचाकींमुळे पहिला आकडा थोडा बदलेल. दोहोंतले अंतर त्याने भरून निघणार नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही रस्त्याची जागा वाटताना वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी धरावीत असेच म्हटले आहे, म्हणजे ही कल्पना परदेशातून काल आलेली नाही.

गोखले रस्त्यावर स्वतंत्र बसमार्गिका आखण्याइतकी रुंदी नाही, हे मला मान्य आहे. अशा रस्त्यासाठी कॅनडातील टोरांटोचा धडा उपयोगी पडेल. तेथील किंग स्ट्रीटवर ट्राम मोटारींत अडकत असे. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रायोगिक नियम लागू झाला, तो असा की मोटारीने रस्त्यावर यावे, पण बहुतेक चौकांत सरळ पुढे न जाता उजवीकडे वळून बाहेर पडावे. ज्याला तिथे काम आहे, त्याला प्रवेश मिळाला. ज्याला फक्त आरपार जायचे होते, त्याची सोय गेली. २०१९ मध्ये ही व्यवस्था कायम करण्यात आली. बेल्जियममधील गेंट शहराने एप्रिल २०१७ मध्ये हाच विचार सबंध जुन्या शहराला लावला. मध्यभाग मोटारमुक्त करून भोवतालचे सहा विभाग पाडले, आणि एका विभागातून दुसऱ्यात मोटारीने जायचे, तर बाहेरच्या वळणरस्त्यावरूनच जावे लागते. नौपाड्याचा नकाशा समोर ठेवला, की महामार्गावरून तीन हात नाक्याला उतरून स्थानकाकडे किंवा तलावपाळीपलीकडे निघालेली किती वाहने या गावाचा केवळ वाट म्हणून वापर करतात, हे लक्षात येते. त्यांना अडवले, तर येथील रहिवासी आणि दुकानदार या दोघांचाही फायदाच आहे.

मेट्रोबद्दल आपण विचारले आहे. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला २९ किलोमीटरचा, २२ स्थानकांचा ठाणे अंतर्गत वर्तुळाकार मार्ग, या दोहोंमुळे आपल्यासारख्यांचा प्रवास बदलेल. पण मेट्रोतून उतरलेला प्रत्येक माणूस पुढचे अंतर पायी, बसने किंवा शेअर रिक्षाने जाणार आहे, आणि त्यासाठी खालचा रस्ता आजच्यासारखा राहून चालणार नाही.

प्रश्न : मुख्य रस्ता अडवला, तर सगळी वाहने खारकर आळी, विष्णुनगर अशा गल्ल्यांत शिरतील. मग आमचे काय? (गल्लीतल्या तीन रहिवाशांची पत्रे)

उत्तर : काही शिरतील, आणि म्हणूनच गेंटप्रमाणे गल्ल्यांची तोंडेही त्याच दिवशी बांधून घ्यावी लागतात, मुख्य रस्ता आधी आणि गल्ल्या ‘नंतर बघू’ असे केले, तर आपला रोष योग्यच ठरेल. पण जितकी वाहने हटवली तितकी सगळी शेजारी जातात, हा समज पडताळणीत टिकत नाही. केर्न्स, ॲटकिन्स आणि गुडविन या ब्रिटिश अभ्यासकांनी ११ देशांतील ७० उदाहरणे तपासली. आसपासचे रस्ते धरूनही मोटारींची संख्या घटली, आणि निम्म्या उदाहरणांत ही घट सुमारे ११ टक्के किंवा त्याहून जास्त होती. लोक वेळ बदलतात, दोन कामे एका फेरीत करतात, कोणी चालत जातात. दक्षिण कोरियातील सोल शहराने २००३ मध्ये चंगेचन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडायला घेतला, २००४ मध्ये बसव्यवस्था नव्याने आखली आणि २००५ मध्ये ओढा खुला केला. शहर ठप्प होईल हे भाकीत तिथे खरे ठरले नाही. तिथे महामार्ग आणि बस ही कामे जोडीने झाली, हे आपल्याकडच्या नियोजनकर्त्यांनी विशेष पाहावे.

प्रश्न : मी मानपाड्याहून सायकलने कामाला जाते. सायकल ट्रॅक उद्घाटनापुरते असतात, नंतर त्यांवर गाड्या लागतात. पुन्हा तेच होणार नाही कशावरून? (एक सायकलस्वार वाचक)

उत्तर : नुसता हिरवा पट्टा मारला, तर तेच होईल. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत; तिथे ट्रॅक बांधलेही गेले, पण ते तुकड्यातुकड्यांत, चौक आला की नाहीसे होणारे आणि दुचाकी लावायला सोयीचे ठरले. सायकलस्वाराला धोका चौकात असतो, आणि नेमका तिथेच ट्रॅक संपतो.

नौपाडा, चरई, उथळसर, पाचपाखाडी हे सारे स्थानकापासून दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यात येतात. रमतगमत सायकल चालवली, तरी हे अंतर पाव तासाचे आहे. इथल्या अरुंद रस्त्यांवर वेगळा ट्रॅक नको, वाहनांचा वेग कमी हवा. ताशी ३० किलोमीटरने धडक बसलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो. वेग ५० झाला, की मृत्यूचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आरपार जाणारी वाहने गेली आणि चौक उंचावून वेग उतरवला, की सायकल आपोआप रस्त्यावर येते. तिला दुसरी गरज आहे ती स्थानकाजवळ राखणीच्या सायकल स्टँडची, कारण संध्याकाळी परतल्यावर सायकल जागेवर सापडेल याची खात्री नसेल, तर कोणी ती आणणार नाही.

आपला रोजचा मार्ग मात्र वेगळा आहे. घोडबंदर रस्त्यासारख्या ठिकाणी कठड्याने वेगळा केलेला ट्रॅकच हवा, आणि त्याची नैसर्गिक जागा होती सेवा रस्ता. ते सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचे काम हाती घेतले गेले, ही माझ्या मते या शहराच्या रस्त्यांबाबत झालेली मोठी चूक आहे. शाळेची मुले, दूधवाले, इमारतींचे पहारेकरी जिथून बऱ्यापैकी निर्धास्त जात होते, ती जागा आता वेगवान वाहनांना मिळते. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांना प्रवासाचे साधन विचारले होते. देशभरात सुमारे १३ टक्के लोक सायकलने आणि तीन टक्क्यांहूनही कमी लोक मोटारीने कामाला जात होते. सायकल ही हौशी लोकांची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी पहाटे पाववाल्याला विचारावे. नेदरलँड्सही जन्मतः सायकलींचा देश नव्हता. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, १९७३ चे तेलसंकट आले, आणि मग धोरण बदलले.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने सायकल कशी चालवायची? (अनेक वाचक)

उत्तर : जोराच्या पावसात चालवू नये, बसने जावे. दुचाकीस्वारही तेव्हा रेनकोट घालून जातातच. पाणी तुंबणे हा गटारांचा प्रश्न आहे आणि तो सर्वांना सारखाच भिजवतो.

प्रश्न : रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब यांचे काय? (एक डॉक्टर, पाचपाखाडी)

उत्तर : आज ज्या रस्त्यावर दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या असतात आणि मधून एक रांग जेमतेम सरकते, तिथे बंब कसा जातो हे आपण पाहिले असेल. बससाठी मोकळा ठेवलेला रस्ता रुग्णवाहिकेलाही मोकळा मिळतो, तशी तरतूद नियमातच करावी. आरपार वाहतूक अडवण्यासाठी पक्की भिंत न बांधता काढता येणारे खांब लावावेत आणि त्यांची किल्ली अग्निशमन केंद्राकडे द्यावी.

प्रश्न : पदपथ रुंद केले, की फेरीवाले बसणार. मग पादचारी पुन्हा रस्त्यावर. आणि आम्हा रिक्षावाल्यांना कुठे टाकणार? (दोन वेगळी पत्रे)

उत्तर : रिक्षाबद्दल आधी सांगतो. शेअर रिक्षा ही ठाण्याची अर्धी सार्वजनिक वाहतूक आहे, तिला मोटारीच्या रांगेत मोजणे अन्यायाचे होईल. बस चालेल तिथे रिक्षाही चालावी, पण ती थांब्यावरच थांबावी. बसथांब्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिलेली रिक्षा बसच्या दारापर्यंत पोहोचू पाहणाऱ्या चाळीस माणसांना रस्त्याच्या मध्यात उतरवते.

फेरीवाल्यांच्या बाबतीत २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात सर्वेक्षण, विक्रीची क्षेत्रे आणि नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे, आणि समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. गावदेवी मंडईच्या परिसरात भाजी घेणाऱ्यांना फेरीवाला नको असतो असे मला कधी दिसले नाही. तो पदपथाच्या मधोमध नको असतो. म्हणून नव्या आराखड्यात त्याची जागा सुरुवातीलाच आखावी. आज मोटार उभी असते त्या पाच मीटरांत तीन-चार विक्रेते सहज बसतात, आणि पदपथाची रुंदी पूर्ण मोकळी राहते.

प्रश्न : पटले, पण आमच्यासारख्यांनी नेमके काय करायचे? निवेदने देऊन कंटाळा आला. (गृहनिर्माण संस्थेच्या एक सचिव)

उत्तर : निवेदनाआधी मोजणी करावी. गोखले रस्त्यावरची एक जागा ठरवून चार जणांनी एक तास उभे राहावे. एकाने पायी चालणारे, एकाने दुचाकी आणि सायकली, एकाने रिक्षा आणि मोटारी, एकाने बस मोजावी. वाहन मोजताना आत किती माणसे आहेत हेही टिपावे. बसबाबत भरलेली, अर्धी, रिकामी एवढे पुरे. पाचव्याने कडेला उभ्या असलेल्या गाड्यांच्या क्रमांकांचे शेवटचे चार आकडे दर अर्ध्या तासाने लिहावेत, म्हणजे कोणती गाडी किती वेळ हलली नाही ते कळते. हीच मोजणी एखाद्या मंगळवारी सकाळी नऊला आणि शनिवारी संध्याकाळी सातला, अशी दोनदा करावी आणि पाचव्याचे काम मंगळवारी दिवसभर चालू ठेवावे. कागद पालिकेच्या वाहतूक विभागाला आणि वाहतूक पोलिसांना द्यावा, त्याची एक प्रत गोखले रस्त्यावरच्या दुकानदारांनाही द्यावी. या अंकातील पहिले पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी वही ठेवायचे मनावर घेतले, तर त्यांची वही आणि आपला कागद शेजारी ठेवून पाहता येतील. दोन्ही माझ्याकडे आले, तर पुढच्या अंकात जसेच्या तसे छापीन.